बुरुजामागचं आभाळ

गुरुबसप्पा रंगमंचावरच्या बुरुजावरून पडून मेला, त्यानंतरच्या आठवड्यात हणमंतराव नेपथ्यकार लातूरच्या गंजगोलाईत लुंबिनी सरवदेचं खाजगी तपासाचं ऑफिस शोधत आले.

गोलाईमागच्या गल्लीत कापडाच्या दुकानावर तिची एकच खोली होती. टेबल, तीन खुर्च्या, आणि भिंतीवर जळकोटला वारलेल्या आईचा रंगीत फोटो. फोटोत आईची पांढरी साडी जरा निळसर दिसायची. फोटोवाल्याचं काम वाईट, असं येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे.

लुंबिनी त्या सकाळी गडद निळी साडी नेसून खिडकीत उभी होती. जिन्याच्या तोंडाशी शेषेराव पेपर वाचत बसले होते. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यापासून ते तिच्या कामात हातभार लावत. हातभार किती आणि अडथळा किती, हा प्रश्न ती त्यांना विचारत नसे.

"वर खिडकीत काळ्या साडीतल्या बाई दिसून राहिल्या, त्याच का सरवदे बाई?" हणमंतरावांनी विचारलं.

"हाव, त्याच. या वर. पायरी सांभाळून."

लातूरच्या जुन्या माणसांना हणमंतराव माहीत होते. एके काळी त्यांनी रंगवलेला पडदा नुसता उघडला तरी टाळी पडायची. औशाकडून, रेणापुराकडून लोक बैलगाड्या जोडून नाटकाला यायचे आणि घरी जाऊन नाटकाआधी पडद्याचं वर्णन करायचे. ते हणमंतराव आता टोपी भुवयांवर ओढून खोलीत आले आणि खुर्ची फिरवून खिडकीकडे पाठ करून बसले.

"ऊन लई डोळ्यावर येतंय," ते म्हणाले.

शेषेरावांनी बाहेर पाहिलं. ढगाळ होतं. पण म्हातारा माणूस म्हणून त्यांनी मान डोलावली.

"सांगा," लुंबिनी म्हणाली.

"मलिक अंबरावर नाटक बसवलं होतं आमच्या मंडळीनं. नांदेडला स्पर्धा होती. शेवटच्या प्रवेशात म्हातारा अंबर बुरुजावर चढतो, मावळत्या सूर्याकडं बघून बोलतो. गुरुबसप्पा अंबर करायचा. निलंग्याचा गडी, आवाज असा की माईक नको. बोलता बोलता त्यानं काठी आपटली, अन् बुरुजाचा एक पाय मधूनच मोडला. खाली लोखंडी वजनं ठेवलेली. डोकं त्याच्यावरच..."

शेषेरावांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"पोलीस म्हणतात, लाकूड आधीच अर्ध्यापर्यंत कापलेलं होतं. कापलेली जागा भरून वरनं रंग लावलेला. रंगसुद्धा बरोबर जुळवलेला न्हाई, निळसर ठिगळ दिसतंय म्हणे. त्यांनी व्यंकटीला धरलं."

"व्यंकटी कोण?"

"माझा सुतार. मिसरूड फुटायच्या आधीपासून माझ्या हाताखाली हाय. बुरुज त्यानंच उभा केला होता, अन् गुरुबसप्पाशी त्याचं भांडण झालं होतं. सगळ्यांच्या देखत म्हणाला होता, वरनं पडशील एक दिवस." हणमंतरावांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटांच्या चिरांत रंग भरलेला होता. "बाई, त्यानं केलेलं न्हाई. मला लेकरू न्हाई. माझ्यामागं माझं काम करणारा तोच एक. तो सुटला पाहिजे."

"तुमच्याकडे लाकूड कापताना चुकलं तर काय करता?"

"फेकत न्हाई. चुकीची खाच पडली तर चिकट सरस अन् लाकडाचा भुसा घालून भरतो, रंग देतो. पण तसल्या लाकडाला भार देत न्हाई कधी. यंदाबी एक पाय असाच चुकला, माझ्याच हातनं. भरला अन् वरच्या कंगोऱ्यात, बुरुजाच्या माथ्यावरल्या दात्यांत, लावायला दिला. कंगोरे नुसते दिसायचे असतात. त्यांच्यावर कोण उभं राहतंय?"

लुंबिनीने मान हलवली. "मी काम घेते. पण एक सांगून ठेवते. जे सापडेल ते मी सांगणार. नाव कोणाचंही निघालं तरी."

"कुणाचंबी निघू द्या," हणमंतराव म्हणाले.

*

नांदेडच्या नाट्यगृहामागच्या पडवीत मोडका बुरुज रचून ठेवला होता. दिग्दर्शक वैजनाथ आणि प्रकाशयोजना करणारा आनंदराज, दोघांनाही पोलिसांनी जबाबासाठी थांबवून घेतलं होतं.

मोडलेला पाय लुंबिनीने उजेडात धरला. दगडासारखा तपकिरी रंग. मोडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना हातभर ठिगळ, आणि ते खरंच निळसर होतं. मोडलेल्या भागात भुसा आणि सरसाचे खडे दिसत होते. टेंपोत सामान आवळलेल्या दोराचा वळ लाकडावर उमटला होता. तो रंग खरवडत ठिगळावरून सरळ पलीकडे गेला होता. पायाच्या वरच्या टोकाला बोटाएवढा काळा ठिपका होता.

"शेषेराव, एक काम करा. कंगोऱ्यातली सगळी लाकडं एकेक करून बघा. कुठं भरलेली खाच सापडते का ते."

"मोडला पाय, अन् बघायचे कंगोरे?"

"बघा तर."

शेषेराव कुरकुरत उकिडवे बसले. लुंबिनी वैजनाथकडे वळली. तो कॉलेजात इतिहास शिकवायचा आणि प्रत्येक वाक्य वर्गात बोलल्यासारखं बोलायचा.

"गुरुबसप्पाशी तुमचं पटत होतं?"

"अजिबात नाही. तालमीला उशिरा यायचा, संवाद स्वतःचे घालायचा. पण तो पडला आणि माझं नाटक संपलं. मी माझ्याच पायावर कुऱ्हाड कशाला मारून घेईन?"

"आणि हणमंतरावांशी?"

वैजनाथने आवाज खाली आणला. "त्यांच्याबद्दल काय बोलणार? त्यांच्या नावावर तर लोक येतात. पण खरं सांगू का, यंदा त्यांनी आभाळ बिघडवलं. मी अंबरची शेवटची संध्याकाळ सांगितली होती. त्यांनी भर दुपार काढली. निळंशार!"

"तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"त्यांना? मी?" वैजनाथ ओशाळून हसला. "मी शाळेत होतो तेव्हा त्यांचा पडदा बघून नाटकाच्या नादी लागलो. त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? मी आनंदराजला म्हटलं, तूच सांभाळून घे."

आनंदराज भिंतीला टेकून उभा होता. "घेतलं की सांभाळून. असा केशरी उजेड ओतला आभाळावर, की दुपारची संध्याकाळ झाली. तेवढ्यावरून गुरुबसप्पा माझ्यावर खेकसला होता. म्हणे, डोळ्यात जातंय, मला पायाखालचं दिसंना. मीही दोन शिव्या दिल्या. तेही लिहून घेतलंय साहेबांनी."

"तो केशरी दिवा आता लावून दाखवाल?"

आनंदराजने आतून एक दिवा ओढत आणून चालू केला. लुंबिनीने मोडका पाय त्याच्याखाली धरला. निळसर ठिगळ नाहीसं झालं. सगळा पाय एकसारखा तपकिरी दिसू लागला.

शेषेराव उठता उठता पुन्हा खाली बसले. "अरे बापरे!"

"हे दिवे कधी लागले होते?" लुंबिनीने विचारलं.

"बुरुज उभा राहून पुढून कापड ठोकून झाल्यावर. त्याआधी स्टेजवर पिवळे बल्ब, नुसते काम करण्यापुरते."

"कंगोरे बघितले का, शेषेराव?"

"बघितले. सगळी लाकडं धड हायत. एकालाबी ठिगळ न्हाई. मी आधीच म्हणालो होतो."

लुंबिनीने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. आपण काहीतरी महत्त्वाचं बोललो असं शेषेरावांना वाटलं. काय, ते मात्र कळलं नाही.

*

व्यंकटी कोठडीत गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. उंच, हाडकुळा, केसांत पांढरं दिसायला लागलेला माणूस.

"भांडण कशावरून झालं?" लुंबिनीने विचारलं.

"जाहिरातीवर माझं नाव टाका म्हणालो. नेपथ्य म्हणून एकट्या उस्तादचंच नाव असतंय. गुरुबसप्पा हसला. म्हणाला, खिळे ठोकणाऱ्याचं नाव छापलं तर उद्या चहावाल्याचंबी छापावं लागंल. सगळे हसले. उस्तादबी हसले." व्यंकटी जमिनीकडे बघत होता. "मी रागात बोललो ते बोललो. मग वर्कशॉपला गेलोच न्हाई. सामान टेंपोत चढवायच्या दिवशी आलो."

"बुरुज कसा जोडता? कोणतं लाकूड कुठे, ते कसं कळतं?"

"बोटावरनं. टोकाला काळं बोट लावलं असंल तर भाराचं. खाली घ्यायचं. निळं बोट असंल तर शोभेचं, वर कंगोऱ्यात. उस्तादची पद्धत हाय, पहिल्यापासून. एक काजळीचा डबा, एक निळीचा."

"बोट कोण लावतं?"

"उस्तादच. दुसऱ्या कुणी लावायचं न्हाई."

"आणि डबे कोण मांडून ठेवतं?"

व्यंकटीने एकदम वर पाहिलं. "त्याचं काय?"

"असंच विचारते. मागच्या वर्षी आभाळ कोणी रंगवलं होतं?"

"उस्तादनीच."

"एकट्यांनी?"

व्यंकटीने गुडघे आणखी पोटाशी ओढले. शेषेराव गजांजवळ सरकले. "अरे बोल की बाबा! आम्ही तुझ्यासाठीच फिरून राहिलो. गप बसलास तर जन्म जाईल आत."

"जाऊ द्या," व्यंकटी म्हणाला. "बाई, उस्तादला काही विचारू नका. वय झालंय त्यांचं. माझं मी बघतो."

*

परतीच्या एसटीत शेषेरावांनी लोहा गाव येईपर्यंत कसंबसं तोंड मिटून ठेवलं.

"आनंदराजच, मॅडम! ठिगळ केशरी उजेडात जुळतंय, उन्हात जुळत न्हाई. म्हंजे केशरी उजेडात बसून रंगवलं. केशरी दिवे कुणाजवळ? आनंदराजजवळ. शिव्याबी झाल्या होत्या. सरळ हाय."

"दोराचा वळ ठिगळावरून गेलाय, शेषेराव. म्हणजे टेंपो लातुरातून निघायच्या आधीच ते ठिगळ लागलेलं होतं. नांदेडचे दिवे तेव्हा पेटलेसुद्धा नव्हते."

शेषेरावांचा चेहरा पडला. "म्हंजे माझं चुकलं."

"अर्धं बरोबर आहे. ज्याने रंग लावला, त्याने सगळं पिवळ्यातूनच पाहिलं होतं."

"लातुरात पिवळा दिवा कुठून आला?"

लुंबिनीने तोंड खिडकीकडे वळवलं. खिडकीबाहेर तुरीची शेतं मागे जात होती. अहमदपूर आलं तेव्हा ती म्हणाली, "हे काम घ्यायला नको होतं."

*

औसा रस्त्यावर हणमंतरावांचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक लांब शेड होती. कोपऱ्यात जुन्या नाटकांची सिंहासनं, महिरपी, रंग उडालेली एक पालखी. लुंबिनीच्या सांगण्यावरून तपासाचे इन्स्पेक्टर पंचनाम्यासाठी व्यंकटीला घेऊन आले होते. वैजनाथ आणि आनंदराजही आले. भर दुपार होती, दार सताड उघडं होतं. हणमंतराव दाराकडे पाठ करून स्टुलावर बसले होते.

व्यंकटी दिसताच ते उठले. "जेवलास का रे?"

"हाव, उस्ताद."

"सापडला का, बाई? कोण तो?"

"सांगते. आधी एक लाकूड द्या मला. त्या ढिगातलं, निळं बोट असलेलं."

हणमंतराव ढिगाकडे गेले. एक लाकूड उचललं, टोक डोळ्यांपाशी नेलं, खाली ठेवलं. दुसरं उचललं. "हे घ्या."

लुंबिनीने ते टोक सगळ्यांना दिसेल असं धरलं. बोट काळं होतं.

"अजून एक."

त्यांनी अजून एक दिलं. तेही काळं होतं.

व्यंकटीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"काय झालं?" हणमंतराव म्हणाले. "असे गप का झालात सगळे?"

"बसा, हणमंतराव," लुंबिनी म्हणाली. तिने स्वतः त्यांना धरून स्टुलावर बसवलं.

"तुम्ही माझ्याकडे आलात तेव्हा शेषेरावांना विचारलंत, काळ्या साडीतल्या बाई त्याच का? मी निळी साडी नेसले होते. ढगाळ दिवस होता, तरी तुम्हाला ऊन सोसत नव्हतं. माझ्या आईचं शेवटी असंच झालं होतं. ती पांढऱ्या साड्यांना नीळ घालायची, आणि तिला कितीही घातली तरी कमीच वाटायची. साड्या निळ्या व्हायच्या. आम्ही हसायचो. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू पिकत गेला की डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं. त्यातून निळं निळं दिसत नाही. काळपट दिसतं, मातकट दिसतं."

शेषेरावांनी कपाळावर हात मारला. "काळी साडी! मीच हाव म्हणालो होतो."

"ठिगळ केशरी उजेडात जुळत होतं, पण ते नांदेडला लागलेलं नव्हतं. दोराचा वळ त्याच्यावरून गेलेला होता. मग लातुरात, दिवसाउजेडी, ज्याला तो निळा रंग तपकिरी वाटला, असा माणूस कोण? ज्याने संध्याकाळचं आभाळ निळंशार रंगवलं तोच. आनंदराजांनी त्या आभाळावर केशरी उजेड ओतला तेव्हा ते सगळ्यांना संध्याकाळसारखं दिसलं. हणमंतरावांना ते त्या उजेडाशिवायच तसं दिसत होतं."

"पण ठिगळाचा अन् पडण्याचा काय संबंध?" इन्स्पेक्टरांनी विचारलं. "पाय कापला कोणी?"

"पायाची खाच चुकली होती. हणमंतरावांनी ती भरली, रंगवली, आणि ते लाकूड कंगोऱ्यात लावायला दिलं. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं. शेषेरावांनी कंगोऱ्यातलं एकेक लाकूड पाहिलं. त्यात भरलेलं एकही नव्हतं. म्हणजे ते लाकूड कंगोऱ्यात गेलंच नाही. ते गेलं बुरुजाखाली, कारण त्याच्या टोकावर काळं बोट होतं. हणमंतरावांनी बोट बुडवलं ते निळीत, असं त्यांना वाटलं. डबा काजळीचा होता."

"न्हाई," हणमंतराव म्हणाले. "डबे ठरलेल्या जागी असतात. डाव्या हाताला काजळी, उजव्या हाताला नीळ."

"कोण ठेवतं तसे?"

हणमंतरावांनी हळूहळू व्यंकटीकडे मान वळवली.

व्यंकटी भिंतीशी बोलावं तसं बोलला. "दोन वर्षं झाली, उस्ताद. तुम्ही घरी गेलात की मी आभाळावर पुन्हा हात फिरवायचो. डबे जागच्या जागी ठेवायचो. बोटं तपासायचो. तुम्हाला कळू दिलं न्हाई. यंदा... यंदा रुसून घरी बसलो. टेंपोच्या दिवशी बोटं तपासायला पाहिजे होती. न्हाई तपासली. म्हटलं, असू दे, नाव त्यांचं हाय ना, बघू दे त्यांचं त्यांनाच."

"म्हणून तुम्ही कोठडीत गप्प बसलात," लुंबिनी म्हणाली.

"काय सांगणार होतो? मी सुटलो की ते अडकणार."

इन्स्पेक्टरांनी टोपी काढून हातात घेतली. व्यंकटीला सोडतील, असं ते म्हणाले. मात्र माणूस मेला होता. निष्काळजीपणाचा गुन्हा हणमंतरावांवर नोंदवावाच लागेल, एवढं वाक्य त्यांनी घाईघाईने उरकलं.

हणमंतराव ते ऐकतच नव्हते. ते आपल्या बोटांकडे बघत होते, ती आणखी जवळ नेत होते.

"ऑपरेशन साधं असतं म्हणतात," वैजनाथ अडखळत म्हणाला. "अजूनही करता येईल, काका. मी येतो बरोबर."

"आता काय बघायचंय?" हणमंतराव म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं. "आभाळ कसं झालं होतं?"

वैजनाथने आनंदराजकडे पाहिलं.

"संध्याकाळच होती, उस्ताद," व्यंकटी म्हणाला. "लई चांगली होती."

"तू गप. तुला खोटं बोलता येत न्हाई, अन् दोन वर्षं बोलून राहिलास." ते लुंबिनीकडे वळले. "बाई, तुम्ही म्हणाला होता, जे सापडेल ते सांगणार. सांगा."

लुंबिनीला तो शब्द दिल्याचा पश्चात्ताप होत होता. "निळं होतं. भर दुपारचं."

त्यांनी मान डोलावली, एखाद्या कारागिराने दुसऱ्याच्या कामातली चूक मान्य करावी तशी.

"पडदा टांगल्यापासून गुरुबसप्पा रोज त्याच्यासमोर उभा राहायचा," ते म्हणाले. "दुपारकडं तोंड करून म्हणायचा, सूर्य मावळतो आहे. एकदाबी मला म्हणाला न्हाई, हणमंतराव, हे आभाळ चुकलंय. तालमीत सगळ्यांना तोडून बोलायचा. मला न्हाई बोलला."

वैजनाथ आणि आनंदराज खाली बघत उभे राहिले. शेषेरावांनी डोळे पुसले.

हणमंतरावांनी टोपी आणखी खाली ओढली. "व्यंकटी, दार लाव रे. उजेड सोसंना."

व्यंकटीने दार ओढून घेतलं. शेडमध्ये अंधार झाला. आता निळं काय आणि काळं काय, कोणालाच दिसत नव्हतं.